स्टुलावरची परीक्षक

माझी भाची भाग्यश्री हिला कॅनडात शिकायला जाण्याचा परवाना पहिल्या खेपेला नाकारला गेला, तो माझ्यामुळे. हे वाक्य मी इतकी वर्षं बायकोपुढेही उच्चारलं नव्हतं. लोकांनी एजंटला शिव्या घातल्या, नशिबाला घातल्या, तिकडच्या साहेबांना घातल्या, आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावली. आता तिची आई, माझी थोरली बहीण इंदूआक्का, गेली. तिला जाऊन सव्वा महिना होतोय. दहाव्याच्या दिवशी सुरतेतल्या नवागामच्या तिच्या बोळात ताडपत्रीखाली माणसं बसली होती. आमच्या नात्यातले एक वडीलधारे चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "एकुलती एक पोर, पण आईच्या अग्नीलाही आली नाही. शिकून हेच दिवे लावायचे होते?" कुणी च्च केलं, कुणी हुंकार भरला. खरं उत्तर त्या ताडपत्रीखाली फक्त माझ्याकडे होतं, आणि मी चहा संपवला.

शिरपूरकडचं आमचं गाव सोडून आक्का सुरतला आली ती नवऱ्याच्या मागोमाग, "दोन वर्षं काढू, चार पैसे गाठीला बांधू आणि परत येऊ" असं आईला सांगून. भावजी सुरतेतच उधन्याला कापडाच्या लूमवर होते. मलाही तिनंच बोलावून घेतलं. आज मी कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसिंग मिलचं स्टोअर सांभाळतो, महिन्याचा पगार खात्यात जमा होतो, ही सगळी तिची कृपा. दोन वर्षांसाठी आलेले आम्ही कुणीच परत गेलो नाही. भाग्यश्री शाळेत असतानाच भावजी वारले. आक्का रडली, आणि मग तिनं घरात शिलाई मशीन आणलं. साड्यांना लेस लावायचं काम. पहाटे गठ्ठा यायचा, संध्याकाळी जायचा. अंगणात, जिन्यावर, पलंगावर साड्याच साड्या, आणि त्यांच्यात कुठेतरी पुस्तक घेऊन बसलेली भागू.

या भागूनं कॉलेज संपता संपता एक दिवस जाहीर केलं, मला कॅनडात लॅबचा कोर्स करायचाय. भाऊबंदांत हसं झालं. आमच्याकडे मुलगी फार तर नंदुरबारला देतात. आक्का मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "त्याले काय काय लागस?" इंग्रजीची परीक्षा लागते, हे कळल्यावर तिनं स्वतः परीक्षक व्हायचं ठरवलं. निळं प्लास्टिकचं स्टूल मशीनजवळ ओढायची, मोबाईलवर टायमर लावायची आणि कानावर पडून पाठ झालेला एकच प्रश्न ठणकावून विचारायची, "टेल मी अबाउट युवर होमटाउन!" भागू बोलू लागायची. आक्काला त्यातलं अक्षरही कळायचं नाही, पण ती चेहरा बघायची. पोरगी अडखळली की भुवई वर. वेळ संपली की वाहतूक पोलिसासारखा सरळ हात वर करून, "बस! टाइम झाया!"

एकदा मी तिथं होतो. भागूनं माय होमटाउन इज सुरत म्हटलेलं मला रुचलं नाही. मी म्हटलं, "अगं, आपलं गाव सांग ना, शिरपूर सांग." आक्कानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "जन्मनी आठे, सुरतमा, दूध पिनी आठलं, मच्छर चावनात तेबी आठला. मंग गाव कोनतं, दिल्या? तू तिले शिकाडू नको." भागू तोंडावर ओढणी धरून हसत होती. मीही हसलो. मनात मात्र काहीतरी टोचलं, आणि ते काय होतं ते आज सांगतो. त्याच्या आदल्याच वर्षी माझ्या मुलानं, नितीननं, हेच मागितलं होतं. मी त्याला झिडकारलं होतं. "आपल्यासारख्यांचं काम नाही ते. लायकी बघून स्वप्नं बघावीत." तो पुन्हा काही बोलला नाही. इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. आता माझी विधवा बहीण, साड्यांना लेस लावून, मुलीला तिकडे पाठवणार होती. भागू तिकडे गेली असती तर माझ्या घरात रोज जेवताना एक गोष्ट ताटात वाढली गेली असती, ती म्हणजे काम आपल्यासारख्यांचंच होतं, छाती फक्त माझ्याकडे नव्हती.

आक्कानं मला जामीनदार व्हायला सांगितलं, म्हणजे भागूच्या शिक्षणाचा खर्च मी उचलीन असं लिहून द्यायचं. पगाराच्या पावत्या आणि इन्कम टॅक्सचे कागद नात्यात फक्त माझ्याकडे होते. मी सही केली. नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हतीच. काही आठवड्यांनी भर दुपारी, स्टोअरमध्ये रंगाचे ड्रम उतरत असताना, फोन आला. परवान्याच्या कचेरीतून एक बाई, स्वच्छ हिंदीत. "आप भाग्यश्री के मामा बोल रहे हैं? पढ़ाई का खर्च आप उठाएँगे, यह बात सही है?" हमालांचा आरडाओरडा चालू होता. मी ड्रमांच्या मागे गेलो, तोंडापुढे हात धरला आणि म्हणालो, "मैडम, बहन का दबाव था, इसलिए साइन किया। इसे पक्का न समझिए।" बाई धन्यवाद म्हणाल्या. अतिशय सभ्यपणे म्हणाल्या... मी परत येऊन ड्रम मोजायला लागलो.

नकार आला. पैशाच्या आधाराबद्दल खात्री पटली नाही आणि शिकून मुलगी मायदेशी परतेल असं वाटत नाही, असा त्याचा अर्थ. आक्का मला घेऊन एजंटच्या ऑफिसात गेली. चपला बाहेर काढून आत गेली आणि त्याच्या सोफ्यावर मांडी घालून बसली. तो बिचारा गयावया करत होता, "मासी, फाइल तो चोख्खी हती!" आक्का म्हणाली, "चोख्खी व्हती ते अडकनी कशी? आन परत येवाचं काय पुसतस? आपन तरी कोठे परत गयूत?" ऑफिसातली पोरं हसली. एजंटही हसला. मी तिच्या शेजारी बसून पंख्याकडे बघत होतो. निर्दोष माणसाला माझ्यामुळे बोलणी बसत होती, आणि मीही मध्येच म्हणालो, "हो ना, काय तुमचं काम!"

वर्ष वाया गेलं. पण आक्का बसणाऱ्यातली नव्हती. तिनं नवागामचं दोन खोल्यांचं घर तारण ठेवून बँकेकडून शिक्षणासाठी कर्ज काढलं. भाऊबंद समजवायला आले, तिनं दारातूनच परतवले. "घर मन्हं, पोर मन्ही. तुम्हले चहा पिवाना व्हई ते पी ल्या." मला मात्र ती वेगळंच म्हणाली, अगदी हळू. "ह्या टायमाले तुन्हं नाव नको, दिल्या. तुले तरास व्हस." मी सुटलो असं मला वाटलं. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला दवाखान्याची पायरी चढावी लागली. दुसऱ्या खेपेला परवाना आला. भागू गेली. विमानतळावर आक्कानं रडणाऱ्या पोरीपुढे हात वर केला. "बस! टाइम झाया!"

मग आक्काच्या पोटात गाठ निघाली. ती कळली तेव्हा फार उशीर झाला होता. भागूचा कोर्स शेवटच्या टप्प्यात होता. परवान्याची मुदत संपत आलेली, वाढवून मिळायला अर्ज केलेला, आणि तो हातात येईपर्यंत देश सोडू नकोस, परत आत येणं अवघड जाईल, असं तिला तिकडच्यांनी बजावलेलं. तरी तिनं तिकीट बघितलं. आक्कानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. दम लागत होता, तरी एकेक शब्द ठोकून बोलली. "येवू नको. मी मरसू ते एकदाव मरसू. तू आठे अडकनी, ते दोनदाव मरसू." भागू आली नाही, कारण तिच्या आईनं तिला येऊ दिलं नाही. ज्यांना दिव्यांची फार चिंता आहे त्यांनी हे नीट वाचावं. आणि पुढचंही वाचावं. तिचं ते एक वर्ष मी खाल्लं नसतं, तर कोर्स कधीच पुरा झाला असता, हातात पक्के कागद असते, आणि भागू आईच्या उशाशी बसलेली असती. बोट दाखवायचंच असेल तर पत्ता चुकलाय तुमचा. मी उधन्यालाच राहतो.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "आक्का, तो पहिला नकार आला ना... त्याच्या आधी मला एक फोन..." तिनं डोळे उघडले. सलाईन लावलेला हात चादरीवरून उचलला, सरळ, तळवा माझ्याकडे. तिला माहीत होतं. कधीपासून, कसं, ते मी विचारू शकलो नाही. नकाराची भाषा तिनं भागूकडून शब्दाशब्दानं समजून घेतली होती, आणि माझा चेहरा ती माझ्या जन्मापासून वाचत आलेली. "माले नको सांगू," ती म्हणाली. "भागूले सांग."

दहाव्यानंतर आक्काच्या घराची किल्ली माझ्याकडे आली. गेल्या आठवड्यात घर उघडायला गेलो. मशीनवर कव्हर, भिंतीशी निळं स्टूल. त्याच्या एका पायाला लेसची चिंधी अजून गुंडाळलेली आहे, डगडगतो म्हणून तिनंच बांधलेली. मी स्टुलावर बसलो नाही. समोर, भागू बसायची तिथं, फरशीवर बसलो आणि फोन लावला. सगळं सांगायला लागलो... ड्रम, ती बाई, नितीन, एजंटचा सोफा. मी मध्येच थांबलो.

"बोल मामा," ती म्हणाली. "मी हात वर केला नाही अजून."

मी बोललो. शेवटी तिनं विचारलं, "नितीनला माहीतय?" मी नाही म्हटलं. "मग त्यालाही सांग. आणि हे लिही. नाव घालून लिही." आवाज तिचा होता, ठोकून बोलण्याची रीत आईची. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितलं नाही.

नितीनला त्याच रात्री सांगितलं. तो ऐकून घेऊन उठला, तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. तेवढं मी सोसेन. आता पेपरच्या पुरवणीसाठी हे लिहूनही झालं. पण आमच्या बोळातली माणसं पुरवण्या वाचत नाहीत, ती समोर उभ्या असलेल्या माणसाचं तोंड बघतात. भागूचा परवाना वाढून आलाय, कोर्स संपवून ती येणार आहे. भागूचं एक वर्ष माझ्याकडून फिटणार नाही. पण ती येईल त्या दिवशी, त्याच बोळात, त्याच माणसांपुढे, तिच्या शेजारी उभं राहून हे सगळं मोठ्यानं बोलणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.