भिजवलेले वाल

रत्नागिरीतल्या दवाखान्यात माझ्या बायकोच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढत होते. मी बाहेर बाकावर घड्याळाकडे बघत बसलो होतो. शेजारच्या बाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत मोड आलेले, भिजवलेले वाल. त्या शांतपणे सोलायला लागल्या. सालं पिशवीत, डाळिंब्या डब्याच्या झाकणात.

"भाऊ, हात मोकळेच आहेत ना?" म्हणत त्यांनी मूठभर वाल माझ्या ओंजळीत ओतले.

मी पहिलाच इतक्या जोरात दाबला, की तो उडून थेट नर्सच्या टेबलावर गेला. बाई खळखळून हसल्या. "हळू ओ, पळतो तो!"

त्यांचे यजमानही आतच होते. गळ्याला गाठ आली होती.

"कॅन्सर आहे की नाही, ते डॉक्टर बघतील," त्या म्हणाल्या. "वाल कोण बघणार? उद्यापर्यंत वास मारायला लागतील. आणि घरी गेल्यावर ह्यांना भूक लागणार ती लागणारच."

आमच्या घरात तो शब्द अजून कुणी उच्चारलाही नव्हता.

बायको बाहेर आली, तेव्हा मी मान खाली घालून सोलत होतो. "अहो, इतक्या वर्षांत घरी एक वाल सोलला नाहीत!" ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आमचा रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहे. मोड यायला वेळ लागतो, म्हणून आज बुधवारीच मी वाल भिजत घातलेत. जरा जास्तच घातलेत. बाकावर शेजारी कुणीतरी असेलच.