डब्यांची रांग

नव्यानं वसणाऱ्या नेरूळमध्ये दिनानाथांची पिठाची गिरणी होती. तिथं माणसं रांगेत उभी राहत नसत, त्यांचे डबे राहत. दिनानाथ आधी सगळा गहू दळत, मग ज्वारी. ज्वारीवाल्या बायका करवादत, "काका, आजची भाकरी उद्या खायची का?"

लेक ईश्वरी पुण्याला संख्याशास्त्र शिकत होती. रांगेचंही शास्त्र असतं, हे तिनं एसटीडीवरून सांगितलं तेव्हा दिनानाथांच्या मिशा पिठासकट फुलल्या.

"बाबा, धान्य नका बघू. लहान डबा आधी घ्या, सरासरी थांबणं कमी होतं."

ज्वारीपाठोपाठ गहू दळला की पीठ मिसळतं, हे गिरणीतल्या उंदरालाही ठाऊक होतं. पण लेकीच्या विद्येला नाही कसं म्हणायचं? दिनानाथ लहान डबे आधी घेऊ लागले. थांबणं खरंच कमी झालं. पोळ्या मात्र तुटू लागल्या, आणि मोठे डबे मागेच राहिल्यानं मोठी कुटुंबं चिडली. गिऱ्हाइकं शेजारच्या शिरवणे गावातल्या गिरणीकडे वळली. दिनानाथांनी जुनी पद्धत परत आणली, पण डबे परतले नाहीत.

सुट्टीत ईश्वरी थेट गिरणीत आली. दारात डब्यांची रांग पाहून ती हरखली. "बघा! म्हटलं नव्हतं?"

तिनं पहिला डबा उचलला. तो रिकामा होता. झाकणावर कोरलेलं होतं, 'सौ. मीना'. पुढच्यावरही तेच.

"बाबा, हे तर आईचे."

"तू येणार म्हणून मांडले गं," दिनानाथ म्हणाले. त्यांच्या मिशांवर पिठाचा कणही नव्हता.