विहिरीत सोडलेला पाईप

जयवंत परबांनी आयुष्यात दोनच गोष्टी नेमाने केल्या. गिरणी होती तोवर गिरणी, आणि ती बंद पडल्यावर विहीर.

लालबागला त्यांच्या चाळीच्या मागच्या अंगणात जुनी विहीर होती. भूजलाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संस्थेने ती निवडली. दर सोमवारी सकाळी टेप सोडायचा, पाणी किती खोल आहे ते बघायचं आणि आकडा संस्थेतल्या अनुजाला मोबाइलवर पाठवायचा, एवढंच काम. पण रुबाब कलेक्टरचा! मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी शांता, त्यांची मानलेली बहीण, टेप दिसला की ओरडायची, "इलो बघा सरकारचो जावई!"

मग शेजारी टॉवरचा पाया खणायला घेतला. खड्ड्यात लागलेलं पाणी पंप दिवसरात्र उपसू लागले आणि चार दिवसांत विहिरीने तळ गाठला. चाळीत नळाला पाणी जेमतेम तासभर. धुणीभांडी सगळी विहिरीवर. बायका जयवंतरावांकडे आल्या. ते साइटवर गेले, सुपरवायझरशी गोड बोलले आणि पंपाचा एक पाईप भिंतीवरून थेट विहिरीत सोडून घेतला. पाईप दिवसरात्र वाहत असल्याने जेवढं पाणी झिरपायचं तेवढं लगेच भरून निघायचं. चाळीने त्यांना डोक्यावर घेतलं. सोमवारी टेपवर नेहमीचाच आकडा आला, तो त्यांनी पाठवला. आकडा तर खरा आहे, असं त्यांनी मनाला समजावलं.

फेब्रुवारीत अनुजाचा फोन आला.

"काका, उपग्रहाच्या मोजणीत तुमच्या चाळीचा मागचा कोपरा खचताना दिसतोय. खालचं पाणी उतरलं की असं होतं. पण तुमची विहीर तर भरलेली. दोन्हीचा मेळ बसत नाही. टेप नीट लागतोय ना?"

"अगं, अकरा वर्षं मोजतोय मी. आभाळातून काय कळणार?"

पाईपाचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण समोर शांता नातवाच्या बारशाची भांडी घासत बसली होती. पाईप गेला की पाणी गेलं, आणि आपला मानही गेला. त्यांनी शब्द गिळला.

"कोणाचो फोन तो, दादा?" शांताने विचारलं.

"ऑफिसचो. काय नाय."

अनुजाने विहिरीवर भरवसा ठेवला आणि उपग्रहाच्या आकड्यापुढे 'संशयास्पद' असा शेरा मारला. त्यामुळे इमारत तपासायला कोणी आलंच नाही.

एप्रिलमध्ये भर दुपारी मागचा कोपरा खाली बसला. बाळ आईबरोबर पुढच्या गॅलरीत होतं म्हणून वाचलं. शांता ढिगाऱ्याखाली सापडली.

तेराव्याला अनुजा आली, संक्रमण शिबिरातल्या खोलीत. पंगत बसली होती. शांताच्या मुलापुढे, स्वप्नीलपुढे, तिने हात जोडले. "चूक माझी आहे. मेळ बसत नव्हता, तेव्हा मी स्वतः येऊन बघायला हवं होतं." बोलता बोलता तिला रडू कोसळलं.

जयवंतराव गप्प बसले असते तर कोणालाही काही कळलं नसतं. पण ती पोर त्यांच्या वाटचं रडत होती आणि ते त्यांना बघवेना.

"तुझी नाय गं चूक," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाईप, फोन, गिळलेला शब्द, सगळं.

स्वप्नील उठला. जयवंतरावांपुढे वाढलेलं ताट त्याने दोन्ही हातांनी उचललं आणि आत नेऊन ठेवलं.