चित्रकाची मुळी

"पहिले तुनी पोरले लाव."

मालकीण खाटेवर बसून बोलली. माय खाली, गोठ्याच्या दारात, चित्रकाची मुळी वाटत होती. मालकिणीच्या दोन्ही पायांना इसब. कातडी जाड, काळी, भेगाळलेली. अशा कातडीवर माय वाटलेली मुळी जराशी लावायची, लगेच पुसून काढायची अन् वर करंजाचं तेल. चांगल्या अंगाला मुळी लागली की आग होते, फोड येतात. माय हात जोडून तेच सांगत होती.

"आक्का, चांगली कातडीले नही लावतस. जळी जाई."

"मंग मना पाय काय फुकटना शे? लाव. सांजलोंग पुसू नको."

चोपड्याकडच्या त्यांच्या केळीच्या बागेत आमचं अख्खं घर कामाला. मायनं माझा हात ओढला अन् लावलं. लावणारी माझी माय होती, हेही मी विसरले नाही. मी नऊ वर्षांची. दुपारभर गोठ्यात बसून बोंबलले. सांजेला मनगटापासून कोपरापर्यंत फोड. मालकिणीनं लांबूनच पाहिलं.

"देख. मना पाय जळी जाता."

मायला भोंदू म्हणून हाकललं. हिला दारात उभी करू नका, असं गावभर सांगितलं.

महिन्यानं मालकिणीचाच सालदार गडी आला. मागच्या वाटेनं, गुपचूप. खाजवून खाजवून आक्काचे पाय रक्तबंबाळ झाले होते. मायनं लगेच मुळी वाटायला घेतली. मला म्हणाली, वाटी धर अन् चल.

"मी नही जास."

मायनं हात उगारला. मग माझ्या हातावरचे व्रण दिसले तिला. एकटीच गेली. रोज जाऊन ते पाय मांडीवर घेतले, लेप लावला, पुसला, तेल चोळलं. इसब गेला. मालकिणीनं सगळ्यांना सांगितलं, जळगावच्या डॉक्टरचा गुण. माय मरेपर्यंत गाव तिला भोंदूच म्हणत राहिलं.

आता आमच्या पाड्यावर मुळी मी वाटते. चार बायांना शिकवलंय. लपवत काहीच नाही.

गेल्या आठवड्यात बोलेरो आली. मालकिणीचा मुलगा उतरला. इसब परत आलाय, मांड्यांपर्यंत चढलाय. मलमं झाली, जळगाव झालं, धुळं झालं.

"ताई, मनी मायले झोप नही शे. गाडीत बसा."

खरं सांगते, मला आनंद झाला. पोटातून झाला. खाजू दे. तिची नखं तिच्याच रक्तानं भरू दे.

मी म्हटलं, मी गाडीत बसत नाही. तिलाच आणा इथं. दिवसाढवळ्या. पाड्यासमोर तिनं तोंडानं सांगायचं, माझे पाय हिच्या मायनं बरे केले, अन् मी तिलाच भोंदू म्हटलं.

तो म्हणाला, म्हातारं माणूस आहे, जुनं कशाला उकरता.

माय असती तर लगेच गाडीत बसली असती. मी बसणार नाही. चित्रक डोंगरात उदंड आहे, मागेल त्याला देईन. पण ती बाई माझ्या दारात येऊन बोलत नाही, तोवर त्या घराला थेंबभर तेलही नाही. न बोलता मेली, तर खाजवत मरू दे.