रविवारचे दहा आणि अण्णांचं नख

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, तेव्हा इथंही सांगून टाकते. अण्णा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकून निपाणीकडून बेंगळुरूला आले आणि हातपाय चालत होते तोवर पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर उभे राहिले. ते यंत्रांचे भाग घडवायचे, मी ते कॉम्प्युटरवर काढते. ते आणि आई अजून पीण्यात राहतात. मी सर्जापूर रोडला, एकटीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये.

लेथवरून तयार भाग उतरला, की अण्णा त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. त्या भागाला ते जॉब म्हणतात. जॉब कुठं खरखरीत राहिला, कुठं रेघ पडली, हे त्यांच्या नखाला डोळ्यांआधी कळायचं. संध्याकाळी घरी आले की हात धुऊन माझी गृहपाठाची वही मागायचे. माझी शाळा कन्नड, अण्णांची चौथी मराठीतली, त्यांना त्यातलं अक्षर वाचता यायचं नाही. ते पानावरून नख फिरवायचे आणि म्हणायचे, "फिनिश चांगलं आलंय." आई हसायची, पोरीची वही आहे, बोल्ट नव्हे, म्हणायची. पण त्या नखाशिवाय माझा अभ्यास पुरा व्हायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात घरच्यांना बोलावून काम दाखवायचा दिवस होता. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. एका टेबलावर मी डिझाइन केलेला एक भाग मांडला होता, शेजारी हात लावू नये अशी पाटी. अण्णा थेट गेले आणि त्यांनी त्यावर नख फिरवलं. माझे साहेब बघत होते. मी म्हणाले, "डोन्ट टच, अण्णा." घरात मी त्यांच्याशी कधी इंग्रजीत एक वाक्य बोललेले नाही. त्यांनी हात मागे घेतला, खिशात घातला आणि घरी जाईपर्यंत बाहेर काढला नाही.

त्याआधी दर रविवारी सकाळी दहाला ते माझ्याकडे यायचे. मेट्रोनं मॅजेस्टिक स्टँडपर्यंत, पुढं बस, पिशवीत आईनं दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यानंतर आले नाहीत. फोनवर म्हणाले, गुडघा दुखतोय. मी म्हणाले, सरी, म्हणजे बरं, आराम करा. असे रविवार जात राहिले. आम्ही दोघांनीही त्या गुडघ्याला इतकं जपलं, की विचारू नका.

काउन्सेलिंग मी त्यासाठी सुरू केलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. मला काही आजार नव्हता. ऑफिसात कुणी माझं काम तपासायला बसलं की माझं डोकं फिरायचं, आणि कुणी बघितलं नाही तरी फिरायचं. हे असं का, ते मला समजून घ्यायचं होतं. इंटरनेटवर एका पद्धतीबद्दल वाचलं, सायकोडायनॅमिक म्हणतात तिला. आज आपण जसे वागतो त्याचा माग जुन्या नात्यांत काढायचा, सल्ला फारसा मिळत नाही, बोलायचं आपणच. बोलायचं तर घरच्या भाषेत, म्हणून मराठी बाई शोधल्या. पुण्याच्या निघाल्या. लॅपटॉपवर आठवड्यातून एकदा, पन्नास मिनिटं. वेळ कोणती हवी असं फॉर्ममध्ये विचारलं होतं. मी लिहिलं, रविवारी सकाळी दहा, त्या वेळी मी अगदी मोकळी असते.

आता माझी चूक सांगते. मी त्या तासाचा अभ्यास करून बसायचे. दोनशे पानी वही आणली, समास आखले, मथळे घातले. स्वभाव. बालपण. राग. दर शनिवारी मुद्दे काढायचे आणि रविवारी वाचून दाखवायचे. शेवटी विचारायचे, "बरोबर आहे ना, मॅडम?" बाई बरोबर म्हणायच्या नाहीत, चूकही म्हणायच्या नाहीत. "बरोबर असणं तुम्हाला महत्त्वाचं वाटतंय," एवढंच. मला वाटायचं, ह्या माझं काही ऐकतात तरी का? चार आठवडे गेले. पाचव्या आठवड्याला मी माझ्या दोषांचा तक्ता केला. रंगीत पेनांनी, कुठला दोष कुठल्या वयापासून ते बाणांनी दाखवून. असा तक्ता कॉलेजात काढला असता तर बोर्डावर लावला असता. वही उचलून मी कॅमेऱ्यासमोर धरली.

बाईंनी विचारलं, "ही वही मी बघावी असं तुम्हाला वाटतंय. बघून मी काय करावं?"

चुका सांगाव्यात, असं मी म्हणणार होते. तोंडातून निघालं, "नख फिरवावं."

माझं मलाच कळेना. शेजारच्या फ्लॅटमधला मिक्सर थांबला. मग सगळं सांगितलं. लेथ, गृहपाठ, ऑफिसातलं टेबल, खिशात घातलेला हात. वही अजून कॅमेऱ्यासमोरच होती, आणि तिच्यामागं मी रडत होते. बाईंना बराच वेळ नुसता तक्ताच दिसला असणार.

"अण्णा कधी यायचे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"रविवारी. दहाला."

स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ होतं, रविवारचे दहा चाळीस. ती वेळ मोकळी कशी झाली, हे मी फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं आणि स्वतःलाही सांगितलं नव्हतं. अण्णांच्या जागेवर मी एक अनोळखी बाई आणून बसवली होती आणि तिला वह्या दाखवत होते. ते परत आले नाहीत तर हे असंच चालणार, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

मी विचारलं, आता काय करू? त्या म्हणाल्या, आजची वेळ संपतेय, पुढच्या रविवारी बोलू. राग आला मला. पण पुढच्या रविवारपर्यंत थांबवेना. बुधवारी अर्धी रजा टाकली आणि पीण्याला गेले.

अण्णा आईच्या शिलाई मशीनला तेल घालत बसले होते. मी चप्पल काढली आणि उभ्यानंच सांगून टाकलं, नाहीतर चहा झाला असता आणि राहून गेलं असतं. "अण्णा, त्या दिवशी मला तुमची लाज वाटली. म्हणून इंग्रजीत बोलले."

त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला. चाक दोनदा हातानं फिरवून बघितलं. मग म्हणाले, "त्या जॉबला बर हुता." बर म्हणजे कापताना कडेला राहिलेली बारीक धार. "कुणाचं तरी बोट कापलं असतं. म्हणून बघत हुतो."

"मला ठाऊक नव्हतं."

"तुझंच डिझाइन न्हवं ते?"

"माझंच."

"मग? दुसऱ्याचं असतं तर हातबी लावला नसता."

आतून आई म्हणाली, "दोघं एका साच्यातनं काढलीत. एकानं जायचं सोडलं, एकीनं बोलवायचं सोडलं. आणि नाव गुडघ्याचं."

"गुडघा खरंच दुखतोय की," अण्णा म्हणाले. "स्वल्प."

चहा घेताना मी त्यांना माझ्या रविवारच्या तासाबद्दल सांगितलं. त्यांना ते पटकन समजेना. ती बाई वही तपासते काय? नाही. मग शिकवते काय? तेही नाही, मीच बोलते. पन्नास मिनिटं? पन्नास मिनिटं. अण्णा बशी हातात धरून विचार करत बसले. मग म्हणाले, लेथवर जॉब बांधला की त्याला डायल, म्हणजे काट्याचं एक मापयंत्र, टेकवतात आणि जॉब हातानं सावकाश फिरवतात. डायल काही करत नाही, नुसता काटा हलतो, पण जॉब कुठं वाकडा बसलाय ते आपल्याला दिसतं. "तसलं असंल तर चांगलं हाय, अक्का. सोडू नको." लाडात आले की ते मला अक्का म्हणतात. मला जे पाच आठवड्यांत आईला फोनवर समजावता आलं नव्हतं, ते चौथी शिकलेल्या माणसानं बशीतला चहा संपायच्या आत सांगितलं. मी अभिमानानं आईकडं बघितलं. तिनं बशी उचलली.

पुढच्या रविवारी मी वही न घेता बसले. हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. तरी बोलले, मुद्दे न काढता, मागचं पुढं, पुढचं मागं. शेवटी बाईंना विचारलं, हा तास शनिवारी करता येईल का? कारण त्यांनी विचारलं नाही, नुसत्या हसल्या. येईल म्हणाल्या.

लॅपटॉप मिटून दूध आणायला दार उघडलं, तर अण्णा बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलेले. मांडीवर पिशवी.

"तास संपला?"

"कधी आलात?"

"दहाला. तुझा आवाज ऐकू आला. वर्ग चालू असताना मधनं घुसू नये."

बेल तरी वाजवायची, असं मी म्हणेपर्यंत ते उठले होते, गुडघ्यावर हात न ठेवता. पिशवी माझ्याकडं दिली आणि दाराच्या चौकटीवरून, उभ्या कडेनं वरून खाली, नख फिरवलं.

"हितं लाकडाचं कुसळ वर आलंय. कपडा अडकंल, बोटात जाईल. पॉलिश पेपर हाय काय घरात?"

नव्हता. ड्रॉवर धुंडाळून नखं घासायची पट्टी सापडली, ती नेऊन दिली. अण्णांनी ती उलटसुलट केली, तिच्यावरूनही आधी नख फिरवलं आणि मग चौकट घासायला लागले. मी भाकरीची पिशवी घेऊन शेजारी उभी राहिले.