म्हाताऱ्या उंदरांचे काका

उंदीर म्हातारा व्हायला दोन वर्षं लागतात. त्या दोन वर्षांत त्याला सांभाळणाऱ्या माणसाचं डोकं किती वेळा फिरतं, याची नोंद मात्र कुठल्याच वहीत होत नाही. प्रयोगशाळेच्या तळघरात चाळीस उंदरांना म्हातारं करण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे पिंजरेकाका म्हणत. सकाळी सातला हजर व्हायचं, हातमोजे चढवून भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, वजनं घ्यायची. उंदीर चावला तर चूक काकांची, खोली तापली तर चूक काकांची, आणि काही शोध लागलाच तर नाव बाईंचं.

बाई म्हणजे संशोधन करणाऱ्या डॉक्टर. म्हातारपणी मोडलेलं हाड लवकर जुळत नाही, कारण पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच थकलेल्या असतात, असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण टोचून त्यांना पुन्हा कामाला लावायचं, हा प्रयोग. उंदीर म्हातारे झाल्यावर त्यांना भूल देऊन मांडीचं हाड मोडलं. मग विसांना नॅनोकण टोचले, विसांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं ते बंद पाकिटात होतं. काकांना ठाऊक नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं.

घरी ताईचा धोशा वेगळाच. काकांची ही थोरली बहीण सात महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडली, मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली, तरी हाड जुळायचं नाव घेईना. काका दारातून आत येतात न येतात तोच पलंगावरून प्रश्न यायचा, "आलं का रे तुझं औषध?"

"ताई, अजून उंदरांवर चाललंय, उंदरांवर!"

"म्हणजे तुझे उंदीर आधी धावणार. आणि मी?"

काका कपाळावर हात मारून घ्यायचे. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

सहा आठवड्यांनी पाकीट फोडलं. नॅनोकणवाल्यांची हाडं जुळली होती. मिठाच्या पाण्यावाल्यांपैकी निम्म्यांची तशीच राहिली होती. बाईंचा आनंद गगनात मावेना. पुढच्या टप्प्याच्या परवानगीचं पत्रही त्यांनी लिहायला घेतलं. काकांनी घरी ही बातमी सांगितली, तेव्हा ताईने कितीतरी दिवसांनी आरसा मागितला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुठल्या पिंजऱ्यात काय टोचलं त्याची यादी ताडून बघायला काकांच्या हातात दिली. वाचता वाचता काकांनी अकरा पिंजऱ्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या.

खुराक पिंजऱ्याच्या वरच्या जाळीत ठेवायचा असतो. उंदराने मागच्या पायांवर उभं राहायचं, मान वर करायची आणि कुरतडायचं. तसा लेखी नियमच भिंतीवर लावलेला होता. पण हाड मोडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात काही बिचारे जाळीखाली नुसते वर बघत बसायचे. काकांना ते बघवलं नाही. अकरा पिंजऱ्यांत त्यांनी खुराक खाली, अगदी तोंडापाशी टाकायला सुरुवात केली. वहीत लिहिलं नाही; दया काय वहीत लिहायची? आता यादी सांगत होती, त्या अकरांतले नऊ मिठाच्या पाण्याचे होते, आणि हाड न जुळलेल्यांतही तेच नऊ होते.

काकांनी स्वतःला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. गप्प बसलं असतं तर कोणाला कळणार होतं? बाईंचं काम झालं असतं, ताईची आशा टिकली असती. दुपारपर्यंत काका पाण्याच्या बाटल्या घासत राहिले. मग त्यांना राहवेना. जाऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला. "काका, ते जास्त लंगडत होते म्हणून तुम्ही खाली दिलंत, की खाली दिलंत म्हणून ते उभेच राहिले नाहीत? भार पडला नाही म्हणून हाड जुळलं नसेल तर माझ्या कणांनी काय केलं?"

"ते मला कसं कळणार, बाई?"

"मलाही कळणार नाही! आता कुणालाच कळणार नाही!" बाईंनी फाईल आपटली. "दोन वर्षं, काका!"

"ती दोन वर्षं मीच काढलीत त्यांच्यात," काकाही तडकले. मग मान खाली गेली. "चुकलं माझं."

बाईंनी पत्र बाजूला सारलं आणि चाळीस पिल्लांची मागणी लिहायला घेतली. "पुन्हा सांभाळाल?"

"दुसरं कोण सांभाळणार!" काका खेकसले.

संध्याकाळी काकांनी नेहमीसारखं ताईचं ताट वाढलं, पलंगाकडे निघाले आणि खोलीच्या उंबऱ्यातच थबकले. रोज वॉकर धरून चालवा, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी ताई कळवळली होती. त्यानंतर काकांनी तिला जागचं हलू दिलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ ताट तिच्या हातात, अगदी तोंडापाशी.

ते मागे फिरले. ताट बाहेरच्या टेबलावर ठेवलं, कपाटामागचा वॉकर ओढून पलंगाशी आणला.

"औषधाला अजून दोन वर्षं लागणार, त्यापुढे आणखी किती ते माहीत नाही. ऊठ ताई, जेवण टेबलावर आहे."

"मला काय तुझा उंदीर समजलास?"

"उंदरांचं वाटोळं केलं मी. तुझंही करत होतो."

ताईने त्यांचा यथासांग उद्धार केला. जन्मात तोंड बघणार नाही म्हणाली. मग रागारागातच पाय खाली सोडले आणि वॉकर धरला. तिसऱ्या पावलाला ती ओरडली. काकांचे हात पुढे झाले. ते त्यांनी पाठीमागे घट्ट धरून ठेवले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"नुसता बघतोस काय, मेल्या?"

"बघतोय," काका म्हणाले. "ये तू."