तेलाचं बोट

मी तोंडाळ बाई आहे. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, दीक्षा म्हटलं की लोक आधी हसतील आणि मग हात जोडतील. नळावर कुणी माझी घागर मागं सारली तर मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. रिक्षावाल्यानं ऐकलंय, भाजीवालीनं ऐकलंय, लेकीच्या शाळेतल्या हेडबाईंनीसुद्धा ऐकलंय. असली ही मी एकदा, ज्या वेळी बोलायला पाहिजे होतं नेमकं त्या वेळी, एक साधं वाक्य बोलले नाही. त्याचं सगळं भोगणं धोंडूमावशीच्या वाट्याला गेलं. तिच्याबद्दल लिहायला बसलेय, पण माझ्याबद्दल लिहिल्याशिवाय ते पुरं होणार नाही.

धोंडूमावशी म्हणजे धोंडुबाई. मूळची मुरगूडकडची. नवरा लवकर गेला, तेव्हा कृष्णात नावाच्या एकुलत्या लेकाला घेऊन कोल्हापुरात आली आणि पेठेत एका खोलीत राहिली. बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालायचं, हे तिचं काम. सकाळी सातला पदर खोचून निघायची ती दुपारपर्यंत सहा-सात घरं करायची. तळहात रुंद, आवाज तालमीतल्या वस्तादासारखा. आठ दिवसांच्या बाळाला पायांवर पालथं घेऊन विचारायची, "काय रं, एवढा का बोंबलतूस? तुला काय जेलात न्यायला लागलोय व्हय मी?" आणि बाळ खरंच गप्प व्हायचं.

चौऱ्याण्णव साली मला सार्थक झाला. माझं माहेर चंदगडच्याही पुढं. आई माझ्या लग्नाआधीच गेलेली, आणि ऐन पावसात तिकडची एसटी आली तर आली. म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. सासूबाई यल्लव्वा, मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचे गुडघे धरलेले, पाटावर बसून बाळ पायांवर घेणं त्यांच्यानं होणार नव्हतं. न्हाऊ घालणारी बाई बघणं भाग होतं.

आम्ही बौद्ध. पेठेतल्या दोघींना विचारलं, दोघी म्हणाल्या वेळ नाही. वेळ का नाही ते त्यांनाही ठाऊक होतं, आम्हालाही. माझा नवरा प्रसेनजीत घरी येऊन खुर्चीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी धोंडूमावशी न बोलावता दारात हजर. "बंब पेटवलाय का न्हाई? पोरगं कुठाय?" एवढंच विचारून सरळ आत आली. मी बाळ तिच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून रडले. त्या दिवसापासून ती बाई मला आईच्या जागी झाली. हे अगदी खरं आहे, आणि घात झाला तोही इथंच.

तिचं सगळं बरोबर असायचं, हे मला सांगितलंच पाहिजे. आत्याबाईंच्या गावाकडं बाळंतिणीला पाणी कमी देतात, पोट सुटतं म्हणून. मावशी पहिल्याच दिवशी कडाडली, "आवो यल्लव्वाबाई, पोरगं अंगावर पितंय, हिला पानी न्हाई दिलं तर दूध काय भिताडातनं यील?" माझ्या उशाशी तांब्या ठेवायला लावला. बाळ झोपलं की तूही झोप, धुणं कुठं पळून जात न्हाई. जड घागर उचलायची न्हाई. अंगावरचं जादा जाऊ लागलं, अंग तापलं, तर लाजायचं न्हाई, लगीच दवाखाना. बाळाला मध नगं, साखरेचं पाणी नगं, आईचं दूध हाय न्हवं, झालं तर. अळिवाची खीर खाताना मी नाक मुरडलं की ती समोर बसून वाटी संपवून घ्यायची.

फक्त एक गोष्ट. अंघोळ झाली की ती करंगळी कोमट खोबरेल तेलात बुडवायची आणि बाळाच्या नाकपुड्यांत दोन दोन थेंब सोडायची. नाक मोकळं राहतं, म्हणायची. तिच्या आईनं असंच केलेलं, आजीनं असंच केलेलं.

आणि मला ठाऊक होतं की ते करायचं नसतं.

दवाखान्यातून घरी सोडताना सिस्टरनी मला बाकड्यावर बसवून सगळं समजावलं होतं. प्रसेनजीत रिक्षा आणायला गेलेला, आत्याबाई घरी. मी एकटीच होते. "नाकात, कानात तेल घालू देऊ नका. श्वासाबरोबर आत जातं, छातीत बसतं." तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मी शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं.

मावशीनं पहिल्यांदा बोट बुडवलं तेव्हा वाक्य माझ्या जिभेवर होतं. मावशी, तेल नको. तीन शब्द. पण मनात आलं, ही बाई आपल्या उंबऱ्याच्या आत आली, आपलं लेकरू पोटाशी धरलं, आणि आपण तिला पहिल्याच दिवशी शिकवायचं? तिला वाटेल, आली मोठी शहाणी. उद्या आली नाही तर? मी गिळलं ते वाक्य. दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं. आठव्या दिवशी तर आता कुठल्या तोंडानं सांगू असं झालं. सार्थक रोज तेल गेलं की ठसकायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी टॉवेल घेऊन उभी असायची. नळावर घागरीसाठी गळा फाडणारी मी. थू माझ्या जिनगानीवर.

दीड महिन्याचा असताना त्याला खोकला लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनी सर्दी म्हणून औषध दिलं. सर्दी म्हटल्यावर मावशीनं दोनाचे तीन थेंब केले. मी बघत होते.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तिनं त्याला न्हायला उघडं केलं आणि पाणी घ्यायच्या आधीच थांबली. त्याच्या छातीकडं बघत राहिली. "दीक्षा, ह्यो पितोय का?" मी म्हटलं, पहाटेपासून तोंड लावेना. "बघ की बरगड्या कशा आत वडाय लागल्यात. उठ. चप्पल घाल." त्याला दुपट्यात गुंडाळून रस्त्यावर तीच धावली. आम्ही सगळे तिच्या मागं.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, नळी लावून तपासलं आणि विचारलं, "बाळाच्या नाकात तेल घालता का?"

"व्हय. मी घालतो की, रोज," मावशी म्हणाली. लपवायचं काही असतं हे तिला माहीतच नव्हतं.

"तेच तेल छातीत गेलंय," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं बघितलं. "घरी सोडताना तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का, नाकात तेल घालायचं नाही म्हणून?"

प्रसेनजीत माझ्याकडं बघत होता. आत्याबाई बघत होत्या. मावशी बघत होती.

मी म्हणाले, "नाही."

सार्थक तिसऱ्या दिवशी गेला. दोन महिने पुरे व्हायला चार दिवस कमी होते. त्याचं टोपडं, दुपटी सगळं आत्याबाईंनी एका बोचक्यात बांधून ठेवलं आणि गल्लीत उभं राहून मावशीला जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. मावशी समोर मान खाली घालून उभी. एक शब्द उलटून बोलली नाही. मी आत भिंतीला टेकून बसले होते. माझी छाती दुधानं दगड झालेली, चोळी भिजत होती, आणि प्यायला कुणी नव्हतं. तेव्हा तरी उठून बाहेर जायचं होतं की नाही? नाही गेले.

पुढं मावशीनं जे केलं ते दुसरं कुणी केलं नसतं. महिनाभर ती दिसली नाही. मग एक दिवस निघाली आणि जिथं जिथं पाळणा हलत होता त्या प्रत्येक घरी गेली. "माझ्या हातनं एक लेकरू गेलंय. नाकात तेल घालू नगासा. मी बी घालत न्हाई, दुसऱ्या कुनाला बी घालू देऊ नगासा. श्वास जोरात चालला, बरगड्या आत गेल्या, प्यायचं सोडलं, तर थांबायचं न्हाई, उचलायचं आनि पळायचं." असं सांगणाऱ्या बाईला न्हाऊ घालायला कोण बोलावणार? एकेक घर सुटलं. तिला येताना बघून बायका बाळाला आत न्यायला लागल्या. ती एका खानावळीत भाकऱ्या थापायला लागली. पण पेठेत कुणाच्या घरी बाळ आलंय असं कळलं की दुपारची जायचीच. दारातूनच सांगायची आणि परत फिरायची. कुणी येडी म्हणायचं, कुणी तोंडावर दार लावायचं. तिच्या सांगण्यानं किती घरांतलं ते बोट थांबलं, कोण सांगणार?

अठ्ठ्याण्णवला मला मुलगी झाली, अक्षता. पाचव्या दिवशी दारात मावशी. चार वर्षांत म्हातारी झालेली. आतून आत्याबाई ओरडल्या, "तिला आत घेतलंस तर बघ!"

"न्हाई, मी आत येत न्हाई," मावशी म्हणाली. "दीक्षा, हितनंच सांगतो. पोरीच्या नाकात कुनाला तेल घालू देऊ नगं. कितीबी जवळचं मानूस असू दे, सरळ न्हाई म्हन. त्येला राग आला तर येऊ दे. राग जातोय पोरी, लेकरू परत येत न्हाई."

हे ती मला सांगत होती. मला! मी पोर छातीशी धरून मान हलवली. ती वळून गेली. त्या दिवशी बोलले असते तर तिला पुढची आठ वर्षं तरी मोकळी मिळाली असती. पण आता हातात अक्षता होती, नवरा कुठं बोलायला-हसायला लागला होता. मला माझं घर मोडायची भीती वाटली. भीतीला कारणं कधी कमी पडत नाहीत.

दोन हजार सहाला कृष्णात भेटला. म्हणाला, आईनं अंथरूण धरलंय, काविळीनं पार खंगलीय, डॉक्टरनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी दुपारी गेले. पिवळी पडलेली, हात मात्र तसेच रुंद. मला बघून उठायला लागली. मी तिच्या खाटेशी खाली बसले आणि बारा वर्षांनी बोलले. "मावशी, मला ठाऊक होतं. सिस्टरनी मला तीनदा सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. आणि डॉक्टरीणबाईंसमोर खोटं बोलले."

ती उठता उठता परत आडवी झाली. मला वाटलं समजलं नाही. मग म्हणाली, "का गं सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही आमच्या घरात यायचा. दुसरं कुणी येत नव्हतं. मला वाटलं तुम्हाला राग येईल, तुम्ही परत येणार नाही."

"आता गं बया. आगं, मी आईकलं असतं की. तू नगं म्हनली असतीस तर मी कशाला घातलं असतं? मी काय तुझी वैरी हुतो व्हय?"

तिनं डोळे मिटले. गालावरून पाणी उशीत जात होतं, ते पुसायची ताकद तिच्यात नव्हती. मी पुसायला गेले तर तिनं मान फिरवली. तशीच, भिंतीकडं बघत विचारलं, "प्रसेनजीतला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग नगं सांगू. तुला संसार हाय, पोरगी हाय. मी चाललोय न्हवं, माझ्याच नावावर राहू दे त्ये. आता जा तू."

तीन दिवसांनी ती गेली.

मयतीला आम्ही तिघंही गेलो. आत्याबाई येणार नव्हत्या, पण मेल्यावर वैर कसलं म्हणून प्रसेनजीत त्यांना हात धरून घेऊन आला. खोलीत बायका बसलेल्या. कुणीतरी म्हणालं, बाई लई कष्टाळू. तिची शेजारीण चिमणाबाई पदरानं नाक पुसत म्हणाली, "हात लई चांगला हुता गं तिचा. तेवढं एक लेकरू गेलं तिच्या हातनं, त्योच काय त्यो डाग."

मावशीनं नको म्हटलं होतं. प्रसेनजीत दारात उभा होता. मी तरीही बोलले, माझ्या नळावरच्या आवाजात बोलले. "तिच्या हातनं नाही गेलं. मला दवाखान्यात सांगितलं होतं. मी तिला सांगितलं नाही. लेकरू माझं होतं आणि माझ्या गप्प बसण्यानं गेलं."

प्रसेनजीतनं माझ्याकडं बघितलं, चप्पल घातली आणि बाहेर तिरडी बांधणाऱ्या माणसांत जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून सार्थकचं नाव तो माझ्यासमोर घेत नाही.

वाकत नव्हते ते गुडघे वाकवून आत्याबाई जमिनीवर बसल्या, सरकत सरकत मावशीच्या पायांपाशी गेल्या आणि ते पाय दोन्ही हातांनी धरले. "धोंडू, बारा वर्सं शिव्या घातल्या गं तुला. एकदा तरी उलटून बोलायचं हुतंस. ए धोंडू, माझं चुकलं. आईक की गं." बाहेरून माणसं आत आली, उचलायची वेळ झाली म्हणाली. कृष्णातनं वाकून आत्याबाईंचे हात सोडवायला बघितले, पण त्या पाय सोडेनात. आईक की, आईक की, म्हणतच राहिल्या.